‘खरं की नाही?’ की ‘खरं की खोटं?’

प्रश्न असा आहे: सुझान कॉलिन्स यांच्या ‘हंगर गेम्स’ त्रयीच्या शेवटच्या भागात, ‘मॉकिंगजे’मध्ये (२०१०), नायिका कॅटनिसचा सोबती पीटा पुन्हा पुन्हा ‘रिअल ऑर नॉट रिअल?’ असं विचारतो. मराठीत त्याला ‘खरं की नाही?’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते मुळीच चालणार नाही. मराठीत ‘खरं की नाही?’ हा खऱ्या अर्थाने प्रश्नच नसतो. ‘मी आधीच बजावलं होतं, खरं की नाही?’ असं म्हणणाऱ्याला उत्तर नको असतं, समोरच्याची मान डोललेली हवी असते. पीटाची गरज नेमकी उलट आहे. कॅपिटॉलच्या, म्हणजे जुलमी राजधानीच्या, कैदेत ट्रॅकर जॅकर गांधीलमाश्यांचं विष टोचून त्याच्या आठवणी बिघडवल्या आहेत. आपली आठवण कोणती आणि घुसडलेली कोणती, हे त्याचं त्याला उमगत नाही. बिघडवलेल्या आठवणी जरा चकाकतात, एवढीच काय ती खूण. म्हणून त्याच्या बंडखोर तुकडीतली सैनिक जॅक्सन हा खेळ शोधून काढते: त्याने मनात येईल ते बोलून दाखवायचं, बाकीच्यांनी काय ते सांगायचं. माझ्या बाराव्या डिस्ट्रिक्टमधले बहुतेक लोक आगीत गेले? खरं. ती आग माझ्यामुळे लागली? नाही.

‘वास्तव की अवास्तव’ पुस्तकी आहे. युद्धाच्या धामधुमीत कोणी सैनिक असं बोलणार नाही. ‘खरं की भास?’ ऐकायला छान वाटतं, पण भास डोळ्यांना किंवा कानांना होतो. आग आपल्यामुळे लागली असं वाटणं हा भास नव्हे.

राहतं ‘खरं की खोटं?’ आणि मी तेच घेईन. एक अडचण मात्र आहे. कोणाच्या तोंडावर नुसतं ‘खोटं!’ म्हटलं की ‘तू खोटं बोलतोयस’ असा आरोप होतो. त्यामुळे उत्तर देताना ‘ते खोटं आहे’ असं म्हणावं. त्या एका ‘ते’मुळे बोट माणसावरून उठून आठवणीवर जातं, आणि पीटाशी बोलताना तेवढं जपायलाच हवं.

या शब्दाचा खरा फायदा कादंबरीच्या शेवटी होतो (ज्यांनी वाचली नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा). पीटा कॅटनिसला विचारतो: ‘तुझं माझ्यावर प्रेम आहे. खरं की खोटं?’ खोटं प्रेम म्हणजे दाखवायचं, वरवरचं प्रेम, आणि पहिल्या भागात कॅटनिसने कॅमेऱ्यांसमोर वठवलेलं प्रेम बरंचसं तसंच होतं. मूळ इंग्रजी शब्दांत ही छटा इतकी थेट नाही. मराठीत ती आपसूक येते. तिचं उत्तर मात्र ‘खरं’ एवढंच ठेवा. ‘खरंच’ केलंत तर ती त्याची समजूत काढते आहे असं वाटेल.