डेंटलला जायचंय, मग मेजर बायोलॉजीच हवं का?

प्रश्न: आमची लेक न्यू जर्सीत स्टेट युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेंटिस्ट व्हायचं हे तिचं नववीपासून ठरलेलं. आता मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जाहीर करायची वेळ आली, तर म्हणते इकॉनॉमिक्स घेणार. तिच्या बाबांचं म्हणणं, दातांचं काम करायचं तर बायोलॉजी सोडून भलतंच काय! पुण्याच्या नणंदबाई स्वतः बीडीएस आहेत. त्या म्हणतात, ‘इकडे पाठव, पाच वर्षांत डॉक्टर होऊन येईल.’ आम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीनकार्डच्या रांगेत. ती एच-४वर, म्हणजे आमच्यावर अवलंबून असलेल्या मुलांच्या व्हिसावर आहे आणि पुढच्या वर्षी एकविसाची होईल. काय करावं?
– एक आई, एडिसन

उत्तर: बाबांना दोष देऊ नका. आपल्या पिढीला बारावीत बायोलॉजी सोडली की डॉक्टरकीचा विषयच संपायचा. अमेरिकेतल्या डेंटल स्कूलना मात्र पदवी कशातली आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. ठरावीक कोर्स झालेत का आणि त्यांत ग्रेड काय पडल्या, हे ते बघतात. बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, बहुतेक ठिकाणी प्रत्येकी वर्षभर आणि लॅबसकट. शिवाय बायोकेमिस्ट्री आणि इंग्रजी. कुणी वर ॲनाटॉमी किंवा मायक्रोबायोलॉजी मागतं, कुणी स्टॅटिस्टिक्स. हायस्कूलमध्ये केलेल्या एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचे, क्रेडिट काही डेंटल स्कूल धरतात, काही धरत नाहीत.

अर्जदारांत बायोलॉजीवाले जास्त दिसतात, कारण यातले बरेच कोर्स त्यांच्या मेजरमध्येच होऊन जातात. इकॉनॉमिक्स घेतलं तर हे सगळं मेजरच्या वर करावं लागेल. त्यामुळे खरी अडचण वेळापत्रकाची. पदवीनंतर लगेच डेंटलला जायचं असेल तर तिसरं वर्ष संपल्यावर जूनमध्ये अर्ज गेला पाहिजे. ॲडसासवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक अर्जव्यवस्थेत, अर्ज येतील तसे शाळा बघत जातात, म्हणून उशीर महागात पडतो. त्याआधी डॅट ही प्रवेशपरीक्षा. तिच्यात बायोलॉजीचे ४०, जनरल केमिस्ट्रीचे ३० आणि ऑर्गॅनिकचे ३० प्रश्न असतात. फिजिक्स शाळा मागतात, पण डॅटमध्ये ते नाही. एक अख्खा विभाग नुसत्या नजरेच्या कसाचा आहे: घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं, तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, असले प्रश्न. हे कुठल्याच मेजरमध्ये शिकवत नाहीत, बायोलॉजीतही नाही. थोडक्यात, तिसऱ्या वर्षाच्या वसंतापर्यंत तिचं ऑर्गॅनिक पूर्ण व्हायला हवं. दुसऱ्या वर्षापर्यंत तिने केमिस्ट्रीला हातच लावला नसेल, तर आधी तेच बोला, मेजर मागाहून.

ग्रेडबद्दल एक गोष्ट पालकांना सहसा माहीत नसते. कोर्स पुन्हा करून चांगली ग्रेड मिळवली आणि युनिव्हर्सिटीने जुनी पुसली, तरी ॲडसास दोन्ही धरून जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढतं. सायन्सचा जीपीए वेगळाही काढला जातो. मन नसताना अपर लेव्हलची बायोलॉजी घेऊन ‘सी’ आणण्यापेक्षा इकॉनॉमिक्समध्ये ‘ए’ आणि सायन्सच्या मोजक्या कोर्समध्ये ‘ए’, हे केव्हाही बरं.

इथवर मी तुमच्या लेकीच्या बाजूने आहे. पण तुमच्या पत्रातली खरी काळजीची ओळ शेवटून दुसरी आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे.

एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो. तोवर तुमचा ग्रीनकार्डचा नंबर लागला नाही, तर तिला एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जावं लागेल, आणि त्याचा अर्ज वाढदिवसाच्या कितीतरी महिने आधी टाकायचा असतो. वयाच्या हिशोबात थोडी सवलत देणारा कायदाही आहे. तो तुम्हाला लागू होतो का, हे इमिग्रेशन वकिलाला याच महिन्यात विचारा. एफ-१वर दोन अडचणी असतात. बऱ्याच डेंटल स्कूल, विशेषतः सरकारी, परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज घेतच नाहीत किंवा फार थोडे घेतात. आणि सरकारी कर्ज मिळत नाही, ते एच-४वरही मिळत नाहीच. कर्ज काढून डेंटल करणाऱ्यांच्या डोक्यावर पदवीच्या वेळी सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास बोजा असतो. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्जही बंद. नागरिकांनासुद्धा अशा पदवीसाठी सरकारकडून वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरच मिळतील. तुमच्या लेकीला खासगी कर्ज काढावं लागेल आणि त्याला बहुधा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक जामीन लागेल. असा जामीन कोण राहील, हा मला मेजरपेक्षा मोठा प्रश्न वाटतो.

म्हणूनच पहिल्या खेपेला प्रवेश मिळाला नाही तर काय, हे धरून मेजर निवडा. पदवीनंतर एफ-१वाल्यांना ओपीटी या कामाच्या परवानगीवर १२ महिने काम करता येतं, आणि मेजर सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असेल तर आणखी २४. म्हणजे पुन्हा अर्ज करायला तीन वर्षांची मुदत. बायोलॉजी त्या यादीत आहे. साधं इकॉनॉमिक्स नाही. पण ‘इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स’ आहे! बऱ्याच युनिव्हर्सिट्यांनी आपलं इकॉनॉमिक्स याच सीआयपी कोडखाली, म्हणजे विषयाच्या सरकारी क्रमांकाखाली, नेलं आहे, तर काही ठिकाणी एकाच विभागात दोन्ही कोडच्या पदव्या आहेत. तिच्या विभागात सीआयपी कोड ४५.०६०३ आहे की ४५.०६०१, एवढं विचारायचं. पहिला असेल तर इकॉनॉमिक्स खुशाल घेऊ दे. दुसरा असेल तर मी बाबांच्या बाजूला जाईन, किंवा स्टॅटिस्टिक्स सुचवेन. हेही ध्यानात ठेवा की ओपीटीची नोकरी मेजरशी संबंधित असावी लागते. इकॉनॉमिक्सच्या पदवीवर दातांच्या दवाखान्यात असिस्टंट होता येणार नाही. डेंटल इन्शुरन्स कंपनीत आकडेमोडीचं काम मात्र चालेल.

नणंदबाईंचा सल्ला मायेपोटी आहे, पण तुमच्या उपयोगाचा नाही. बीडीएसला ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, इंटर्नशिप धरून पाच वर्षं जातात, आणि परत इकडे प्रॅक्टिस करायची तर बहुतेक राज्यांत अमेरिकन डेंटल स्कूलमध्ये आणखी दोन-तीन वर्षं काढावी लागतात. झालेली दोन वर्षं पाण्यात जातील ती वेगळीच. तिला पुण्यातच राहायचं असेल तर गोष्ट निराळी.

आणि तिने एखाद्या जनरल डेंटिस्टच्या दवाखान्यात उभं राहून काम बघितलंय का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. बऱ्याच शाळा १०० तासांच्या आसपास शॅडोइंगची अपेक्षा ठेवतात. या सुट्टीतच सुरू करू दे. ओळखीचं कुणी असेल तर लाजू नका, सरळ विचारा.

मेजरचा फॉर्म भरण्याआधी तिने प्री-हेल्थ ॲडव्हायझर आणि इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिस, दोघांना भेटावं. पहिल्याला वेळापत्रक विचारायचं, दुसऱ्याला कोड. बाबांनाही एक काम द्या. दहा-बारा डेंटल स्कूलचा एक्सेल तक्ता करायला सांगा: कोणते कोर्स लागतात, एपी चालतं का, एफ-१चा अर्ज घेतात का, राज्याबाहेरच्यांना फी किती. त्यातला एफ-१चा रकाना आधी भरायचा. तिथे ‘नाही’ आलं की त्या शाळेचे बाकीचे रकाने भरायची गरज नाही.