मोहॉन्क माउंटन हाऊसमध्ये मुक्काम करावा, की दिवसभर फिरून परत यावं?

न्यूयॉर्क शहरापासून गाडीने दोनेक तासांवर हे हॉटेल आहे. भाडं पाहून तुम्ही कचरताय, ते समजू शकतो. पण जमत असेल तर एक रात्र तरी राहाच. तीन वेळचं जेवण आणि दुपारचा चहा भाड्यातच येतो. खोलीत टीव्ही नसतो आणि त्याची आठवणही होत नाही.

अल्बर्ट स्मायली या क्वेकर (साधेपणा मानणारा एक ख्रिस्ती पंथ) शिक्षकाने १८६९ साली तळ्याकाठची जागा विकत घेतली, तेव्हा तिथे एक छोटीशी खानावळवजा सराई होती. पुढची चाळीसेक वर्षं बांधकाम चालूच राहिलं. म्हणून इमारतीचा एक तुकडा लाकडी, त्याला लागून दगडी बुरूज, पुन्हा लाल छपरं, असं सगळं एकाला एक जोडलेलं दिसतं. मला ते फार आवडतं. मालकी आजही स्मायली घराण्याकडेच आहे.

अल्बर्टचा जुळा भाऊ अल्फ्रेड. त्याने जवळच्याच मिनेवास्का तळ्यावर दोन हॉटेलं बांधली. ती पुढे घराण्याच्या हातून गेली, ओस पडली आणि १९७८ व १९८६ साली जळून खाक झाली. तिथे आता सरकारी उद्यान आहे. मोहॉन्क टिकलं, कारण या कुटुंबाने जमीन सांभाळली असं माझं मत. १९६३ साली त्यांनी विश्वस्त संस्था काढली. आज तिच्याकडे आजूबाजूचं सुमारे आठ हजार एकर रान आहे. तसंच हवामानाचं. १८९६ पासून इथे रोज तापमान आणि पाऊस मोजून लिहून ठेवतात. एवढी वर्षं एकाच जागी अखंड नोंद ठेवणं सोपं नाही, त्यामुळे हवामानाचे अभ्यासक या नोंदींना फार मानतात.

दिवसाच्या पासावर पायवाटा फिरता येतात, मात्र हॉटेलच्या आत मोकळेपणाने वावरता येत नाही. आणि तळ्यावरच्या लांब व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत, दिवसाचे पाहुणे परतल्यावर बसायला मिळणं, मुक्कामाचे पैसे मी त्याच्यासाठी मोजतो.

लॅबिरिंथची वाट चुकवू नका. प्रचंड शिळांच्या फटींतून लाकडी शिड्या चढत जायचं. शेवटची भेग इतकी चिंचोळी की पाठीवरची पिशवी काढून हातात धरावी लागते. वर आलात की समोर स्कायटॉपचा दगडी मनोरा. गुडघे दुखत असतील तर मनोऱ्याकडे जायला दुसरी सोपी वाट आहे. हिवाळ्यात बर्फामुळे लॅबिरिंथ बंद असतं, तेव्हा उन्हाळ्यात किंवा पानगळीच्या सुरुवातीला जा. पानगळीत गर्दी फार, खोली बरीच आधी धरून ठेवा.