एकाला गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्याला नाही. असं का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांना अटॅक आला तेव्हा गारगोटीतच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देऊन कोल्हापूरला पाठवलं. नंतर चुलत्यांना अटॅक आला, त्यांना मात्र ते दिलंच नाही. हयगय झाली का?

मी कोल्हापुरात फिजिशियन आहे. चुलत्यांचा ईसीजी बघितल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण बहुतेक न देणंच बरोबर होतं.

हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी सगळ्यांची सारखी नसते. आतला चरबीचा थर फुटला किंवा सोलला की आधी प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) चिकटतात. ही पांढरट गुठळी. ती बहुधा वाट अर्धवट अडवते. पुढे फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं, त्यात तांबड्या पेशी अडकतात आणि लाल गुठळी वाहिनी पार बंद करते. तेव्हा ईसीजीच्या रेषेतला ‘एसटी’ नावाचा भाग वर उचललेला दिसतो. वडिलांचं बहुधा हेच झालं असणार.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, म्हणजे टेनेक्टेप्लेज किंवा जुनं स्ट्रेप्टोकायनेज, तोडतं ते फायब्रिन. प्लेटलेट्सवर त्याचा उपाय चालत नाही, उलट विरघळताना सुटलेलं थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारा घटक) त्यांना आणखी चेतवतं. त्यामुळे एसटी न उचललेल्या अटॅकमध्ये (चुलत्यांचा बहुधा असाच) फायदा नाही आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र फुकट पदरात. तिथं प्लेटलेट्सना रोखणाऱ्या ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर या गोळ्या, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन आणि वेळेत अँजिओग्राफी हाच इलाज.

लाल गुठळीत वेळेला फार किंमत. काहिलीतला गूळ गरम आहे तोवर हलतो, ढेप घट्ट झाली की नाही, गुठळीचंही तसंच. पहिल्या तीन तासांत इंजेक्शनचा गुण सर्वात चांगला, बारा तासांनंतर सहसा देत नाहीत. निदानापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार असेल तर तीच सरस. पण गगनबावडा, आजरा भागातून पावसात रुग्ण आणायचा, वर कॅथलॅब (अँजिओप्लास्टीची खोली) तयार व्हायची, म्हणजे हा हिशेब कुठला जमतोय? (चंदगडची माणसं तर बेळगावच गाठतात, आणि ते शहाणपणाचंच.) गारगोटीच्या डॉक्टरांनी वाट न बघता इंजेक्शन दिलं, हे मला फार पटलं.

दोन्ही प्रकारच्या अटॅकमध्ये ॲस्पिरिन का देतात, तेही सांगतो. १९८८ साली आयसिस-२ या सतरा हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात नुसत्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्के, स्ट्रेप्टोकायनेजने २५ टक्के आणि दोन्ही मिळून ४२ टक्के घटले.

चुलत्यांच्या अटॅकला घरात ‘छोटा’ म्हणत असाल तर तेवढं बंद करा. पहिले काही दिवस धोका कमी असतो, पण वर्षभराचा हिशेब केला तर तो वडिलांसारख्या अटॅकपेक्षा कमी राहत नाही. दोघांच्याही प्लेटलेट्सना रोखणाऱ्या दोन गोळ्या (ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची) सहसा वर्षभर एकत्र चालतात. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.