खारट पाण्यातला रंग का जात नाही?

प्रश्न : सर नमस्कार, इचलकरंजीत आमचं छोटं डाइंग युनिट हाय. रंगाच्या पाण्यात मीठ लई असतंय, फेरस सल्फेट आन हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बी लालसरपणा जात नाही, डोस वाढवला तरी तेच. मिठामुळं कॅटॅलिस्ट खराब होतोय काय?

उत्तर : दादा, कॅटॅलिस्ट खराब होत नाही, मीठ मधेच वाट अडवतंय. ही फेंटनची रिअ‍ॅक्शन, १८९४ सालची. फेरस सल्फेटमधलं लोखंड हाच कॅटॅलिस्ट, म्हणजे क्रिया घडवून आणणारा पदार्थ; ते पेरॉक्साइड फोडतं, त्यातनं हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे क्षणभर टिकणारा पण लई आक्रमक कण, निघतो आणि तो रंगाचा रेणू तोडतो, पण मिठातला क्लोराइड त्या रॅडिकलला आधीच गाठतो आणि मग क्लोरीनचे रॅडिकल तयार होतात, ते कधीकधी रंग झटक्यात घालवतात पण मागं क्लोरीन चिकटलेले विषारी पदार्थ राहू शकतात. म्हणून पाणी पांढरं दिसलं की सोडून देऊ नका, शेवटी पंचगंगेचंच पाणी आपली गुरं पितात!

आधी पीएच बघा. सोडा अ‍ॅशमुळं तुमचं पाणी ११ च्या आसपास असणार, फेंटनला ३, म्हणजे आम्लधर्मी पाणी लागतं. पेरॉक्साइड जास्त झालं तर ते स्वतःच रॅडिकल खातं, म्हणून एकेक लिटरच्या बरण्यांत वेगवेगळे डोस लावून बघा. साध्या मिठाऐवजी ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरता आलं तर क्लोराइडचा त्रास बराच कमी होईल. आणि लॅबला सांगा, उरलेलं पेरॉक्साइड आणि क्लोराइड दोन्ही सीओडी (पाण्यातली घाण मोजायचा आकडा) फुगवून दाखवतात. मीठ मात्र कुठल्याच कॅटॅलिस्टनं जात नाही, त्याला आरओ नाहीतर इव्हॅपोरेटरच (पाणी उकळून वाफ करणारं यंत्र) लागतो.