तार तुटली आणि आम्ही दोघे निघालो

औसा तालुक्यातील एका सूनबाईंचे पत्र आले आहे. त्यांचे सासरे ८१ वर्षांचे असून १९६५च्या युद्धात पंजाबच्या सीमेवरील खेमकरण भागात लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात, टेलिफोनच्या तारा टाकण्याच्या कामावर होते. पत्नी गेल्यापासून ते रोज रात्री जेवताना तार तुटल्याची आणि अब्दुल हमीद यांची जीप पाहिल्याची तीच हकीकत सांगत. यंदा १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनानंतर घरी पाहुणे जमले असता पुतण्याने मोबाइल काढून ‘अब्दुल हमीद तर दुसऱ्या पलटणीचे, त्यांची जीप तुम्ही कुठून पाहिली?’ असे सर्वांदेखत विचारले. त्या दिवसापासून त्यांनी युद्धाचा शब्द काढलेला नाही. ‘मामंजी खोटे सांगत होते का, आणि आता त्यांना बोलते कसे करू?’

ताई,

खोटे सांगत होते असे मला वाटत नाही. जीपवरच्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडणारे अब्दुल हमीद ४ ग्रेनेडियर्स या पलटणीचे होते, १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणजवळच्या असल उत्तरच्या लढाईत त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, ही पुतण्याची माहिती बरोबर आहे. पण तार टाकणाऱ्या जवानाला एकाच पलटणीत बसून भागत नाही. मोर्चे, तोफखाना आणि मुख्यालय यांना जोडत त्याला साऱ्यांच्या मधून फिरावे लागते. जीप त्यांनी लांबून पाहिली असेल, किंवा त्या रात्री कुणाच्या तोंडून ऐकली असेल. साठ वर्षांत पाहिलेले आणि ऐकलेले एकमेकांत मुरून जाते.

मला मात्र तुमच्या पत्रातील दुसऱ्याच दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या, ज्या तुम्ही जाता जाता लिहिल्या आहेत. हकीकत दर वेळी ‘तार तुटली आणि आम्ही दोघे निघालो’ इथवर येते आणि तिथून एकदम जीपवर उडी मारते, ही पहिली. मामंजी उसाला दारे धरायला कधीच जात नाहीत, रात्रीची लाईन आली की बांधावर उभे राहून सालगड्याला हाका मारतात, ही दुसरी. तिला तुम्ही म्हातारपणाचा हट्ट म्हटले आहे.

असल उत्तरला ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत लढाई झाली ती उभ्या उसात. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडले होते, त्यामुळे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले, आणि आपल्या तोफा उसाआड दबा धरून बसल्या होत्या. अशा शिवारात तोफगोळ्याने तार तुटली की कुणीतरी ती हातातून सरकवत, टोक सापडेपर्यंत चालत जायचे. उसात चार हातांपलीकडचे दिसत नाही, हे औशाच्या माणसाला मी काय सांगावे! मामंजींबरोबर निघालेल्या दुसऱ्याचे पुढे काय झाले, ते त्यांनी साठ वर्षांत कुणाला सांगितलेले दिसत नाही. जी जागा ओलांडता येत नाही, ती ते जीपच्या आधाराने ओलांडत असावेत, असा माझा तर्क आहे. तो चुकूही शकतो.

म्हणून त्या दुसऱ्याचे काय झाले, असे थेट विचारू नका. त्याचे गाव कोणते, तो जेवायला काय मागायचा, एवढेच एखाद्या संध्याकाळी शेतातल्या आखाड्यावर, पाहुणे नसताना विचारा, आणि उत्तर आले नाही तर चहा ठेवा. पेटीतले डिस्चार्ज बुक काढून त्यांच्यासमोर वाचू नका. पुन्हा पडताळणी चालली आहे असे त्यांना वाटेल. माझे एक चुलते १९६२च्या लढाईत होते. त्यांनी सांगितलेली तारीख मी एकदा मोठ्या शहाणपणाने दुरुस्त केली, तेव्हा ते ‘असेल बाई’ एवढेच म्हणाले आणि पुढे कधी बोलले नाहीत.

पुतण्याला माफी मागायला लावण्याचा घाट घालू नका. चारचौघांतली माफी म्हणजे त्याच प्रसंगाची उजळणी होईल. त्याने वायरचे दोन तुकडे घेऊन यावे, मामंजींच्या बाजेवर बसावे आणि अंधारात, दिवा न लावता जोड कसा घालायचा ते शिकवा म्हणावे. हात चालू लागले की तोंडही चालू लागेल, अशी मला आशा आहे.

ते रात्री दचकून उठत असतील, जेवण तुटले असेल, तर मात्र हे घरगुती उपाय पुरणार नाहीत. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, किंवा आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर बोला. ते सैन्याचे पेन्शनर असतील तर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेबद्दल लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येईल.

आणि त्या दुसऱ्या जवानाचे नाव त्यांनी कधी घेतलेच, तर त्यांनी उच्चारले तसेच वहीत लिहून ठेवा. मोबाइलवर शोधायला जाऊ नका.