करार नोंदवलेला नाही, मग डिपॉझिट बुडणार का?

प्रश्न : कल्याणला वन बीएचके भाड्याने घेतला आहे. भाडं १४,०००, डिपॉझिट ६०,००० रुपये. दोन्ही बँकेतून दिले. अकरा महिन्यांचा करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नुसता नोटरी केला. ‘अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही,’ असं एजंट म्हणाला. आता सातव्या महिन्यात माझी बदली झाली आहे. करारात एक महिन्याची नोटीस आहे. लॉक-इनचा, म्हणजे ठरावीक काळ घर सोडता येणार नाही अशा अटीचा, उल्लेख नाही. मालक म्हणतात, ‘लॉक-इन तोंडी ठरलं होतं, शिवाय रंगकामाचा खर्च आहे. डिपॉझिट विसरा.’ शेवटच्या महिन्याचं भाडं थांबवू का? — एक वाचक भगिनी

उत्तर : भाडं थांबवू नका. आज चूक मालकांची आहे. भाडं थांबवलंत की थकबाकीदार तुम्ही ठराल.

एजंटने सांगितलं ते महाराष्ट्रात चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, तुमच्यासारखा करार), मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमच्या कामाचं वाक्य पुढे आहे : करार नोंदणीकृत नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं ठरवायचं तर पुरावा मालकाने द्यायचा. तोंडी लॉक-इन ते कशाने सिद्ध करणार? महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. मालक ती वाचवायला गेले आणि स्वतःचीच बाजू लंगडी करून बसले.

नोटीस आजच लेखी द्या. फोनवर सांगितलेलं धरू नका. व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल आणि पोहोच पावतीसह स्पीड पोस्ट, असं तिन्हीकडून पाठवा. घर सोडण्याची तारीख, डिपॉझिटची रक्कम आणि तुमचा खाते क्रमांक त्यात हवा.

खरी भांडणं चावी देताना होतात. सामान हलवल्यावर रिकाम्या घराचा सलग व्हिडिओ काढा : भिंती, नळ, गीझर, खिडक्यांच्या काचा, वीज मीटरचं रीडिंग. महावितरणचं आणि गॅसचं बिल भरून पावत्या ठेवा. मग मालकांसोबत पाहणी करून एका कागदावर लिहा : काय तुटलं, किती कापलं, किती परत, चावी कधी दिली. दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिट त्याच वेळी खात्यात जमा करून मागा. ‘नवा भाडेकरू आला की देतो’ ही अट करारात नसेल, तर तुम्हाला बांधत नाही. वापराने मळलेला रंग म्हणजे नुकसान नव्हे. फुटलेलं बेसिन हे नुकसान. कपातीचं बिल मागा.

पैसे देत नाहीत म्हणून घर मात्र अडवून धरू नका. राहाल तितकं भाडं चढेल. कराराच्या मुदतीनंतर राहिलात तर याच कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई लागू शकते. चावी घेत नसतील, तर ती पत्रासह स्पीड पोस्टाने पाठवा.

तरीही पैसे आले नाहीत, तर वकिलामार्फत १५ दिवसांची नोटीस द्या. त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीचा अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. शेवटी दिवाणी दावा. त्याची मुदत पैसे देय झाल्यापासून तीन वर्षं. पोलिसांकडे धावून बहुधा ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ एवढंच ऐकायला मिळेल.