‘धोकेबाज’ नव्हे, रंगरूट

सिएटल येथे राहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, अमेरिकी फुटबॉलमधील ‘ड्राफ्ट क्लास’ (ड्राफ्ट या वार्षिक निवडीत एका संघाने घेतलेले नवे खेळाडू) आणि ‘अनड्राफ्टेड रूकी’ (त्या निवडीत नाव न आलेला, पहिल्याच हंगामातला खेळाडू) यांना मराठीत काय म्हणावे. त्यांना आपल्या सीहॉक्स संघाच्या नव्या भरतीचे मूल्यमापन मराठीत लिहायचे आहे, आणि यंत्राने करून दिलेल्या भाषांतरात त्यांच्या हाती ‘मसुदा वर्ग’ व ‘मसुदा नसलेले धोकेबाज’ हे शब्द आले. हे शब्द मीही गेली काही वर्षे क्रीडावृत्तांत वाचतो आहे आणि प्रत्येक वेळी मला संताप येतो. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, कोणाचेही काही वाईट न केलेल्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला धोकेबाज म्हणणे ही नुसती भाषेची चूक नाही, तो त्या मुलावर अन्याय आहे.

‘मसुदा’ लवकर निकालात काढता येतो. तो अरबी ‘मुसव्वदा’ म्हणजे ‘काळे केलेले’, शाईने भरलेला कच्चा कागद. ‘सुदान’ या देशनामातही तोच काळेपणाचा धातू आहे. इंग्रजी ‘ड्राफ्ट’ मात्र ओढणे या अर्थाच्या ‘ड्रॉ’ या क्रियापदापासून आला आहे. रेघा ओढून केलेला तो कच्चा लेख, आणि मोठ्या फौजेतून ओढून वेगळी काढलेली तुकडी तीही ड्राफ्टच. खेळातला ड्राफ्ट या दुसऱ्या, लष्करी अर्थाचा वंशज आहे. तेथे कागद काळा होत नाही, माणूस उचलला जातो. म्हणून मसुदा येथे लागूच पडत नाही. ‘लिलाव’ही नको, कारण आयपीएलप्रमाणे तेथे बोली लागत नाही, संघ ठरलेल्या क्रमाने, बहुधा आदल्या हंगामातला सर्वांत दुबळा संघ आधी, खेळाडू निवडतात. १९३६ मध्ये फिलाडेल्फियात पहिला ड्राफ्ट झाला तेव्हा ९ फेऱ्या होत्या, आज ३२ संघांच्या ७ फेऱ्या होतात. ‘ड्राफ्ट’ हा शब्द आपण बँकेत रोज वापरतो, तो येथेही तसाच ठेवावा.

आता ‘धोकेबाज’. इंग्रजीत ‘रूक’ हा कावळ्याच्या जातीचा एक पक्षी आहे, आणि जुन्या बोलीत ठकाला ‘रूक’ म्हणत. यंत्राने ‘रूकी’त हा रूक पाहिला आणि नवख्या मुलाला ठक ठरवले. यंत्राला दोष देऊन भागत नाही, कारण काही विद्वान मंडळीही ‘रूकी’ची व्युत्पत्ती त्या पक्ष्यापर्यंत नेऊन पोहोचवतात आणि कोशकार ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असे लिहून मोकळे होतात. मला हा सावधपणा अनाठायी वाटतो. हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश शिपायांच्या बोलीत दिसू लागतो, तोही नव्याने भरती झालेल्या शिपायासाठी. त्याच बराकीत, त्याच माणसासाठी, ‘रिक्रूट’ हा शब्द दिवसभर कानावर पडत असताना पक्षी शोधायला झाडावर चढण्याची गरज काय? ‘रूकी’ हा ‘रिक्रूट’चाच शिपायांच्या तोंडी झिजलेला अवतार आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्या मताला बळ देणारा पुरावा आपल्या घरातच आहे. भारतीय सैन्यात नव्या जवानाला ‘रंगरूट’ म्हणतात. तोही ‘रिक्रूट’च आहे. परक्या शब्दाचे पहिले अक्षर कानाला लागेना, तेव्हा देशी शिपायाने तेथे आपला ओळखीचा ‘रंग’ बसवला. गोऱ्या शिपायाने शब्दाचा शेवट झिजवला, आपल्या शिपायाने सुरुवात रंगवली. रूकी आणि रंगरूट ही अशी एकाच बराकीत वाढलेली भावंडे आहेत. मूळ ‘रिक्रूट’ फ्रेंच ‘रक्रू’पासून आला आहे, म्हणजे ‘पुन्हा वाढलेले’, आणि त्याच्या तळाशी वाढणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे; चंद्रकोरीच्या ‘क्रेसेंट’मध्येही तोच. छाटलेल्या झाडाला फुटणारी पालवी, हा रंगरुटाचा मूळ अर्थ. ज्या संघाचे जुने खेळाडू दरवर्षी गळून पडतात, त्याच्या नव्या भरतीसाठी याहून नेमका शब्द शोधून सापडणार नाही.

‘रंगरूट हा हिंदी आहे, नवोदित म्हणा’ असा आग्रह धरणाऱ्यांशी मी सहमत नाही. नवोदित लेखक दहा वर्षे नवोदित राहू शकतो, रूकी मात्र फक्त पहिल्या हंगामापुरता असतो. ‘नवखा’ म्हटले की अनाडीपणाचा ठपका येतो. रंगरूट हा हुद्दा आहे, त्यात ना स्तुती आहे ना निंदा.

‘क्लास’साठी ‘वर्ग’ नको, ‘तुकडी’ घ्यावी. शाळेत आठवी अ ही तुकडी असते आणि लष्करातही तुकडी असते. ड्राफ्टचा मूळ लष्करी अर्थच ‘काढलेली तुकडी’ असल्याने ‘ड्राफ्टची तुकडी’ हा प्रयोग दुहेरी शोभतो.

‘अनड्राफ्टेड’ला ‘नाकारलेला’ म्हणणे हीही ढोबळ चूक आहे. सातव्या फेरीत नाव पुकारले गेलेल्या मुलाला संघ निवडता येत नाही, तो जेथे नेमला तेथेच जातो. ज्याचे नाव आलेच नाही तो मोकळा असतो. शेवटचे नाव जाहीर होताच त्याच्या प्रतिनिधीचा फोन वाजू लागतो, आणि दोन-तीन संघ मागे लागले तर आपल्या जागेवर जेथे स्पर्धा कमी आहे तो संघ तो निवडू शकतो. म्हणून काही प्रतिनिधींना शेवटच्या फेरीपेक्षा हे मोकळेपण बरे वाटते. त्याला ‘ड्राफ्टबाहेरचा रंगरूट’ म्हणावे. आणि त्याच्या ‘साइनिंग’ला ‘स्वाक्षरी’ नव्हे, ‘करार’.

सीहॉक्सचेच उदाहरण घेऊ. २०१२ च्या त्यांच्या तुकडीला अनेक समीक्षकांनी ड्राफ्ट होताच अगदी खालचे गुण दिले. ब्रूस अर्विन यांना १५ व्या क्रमांकावर घेणे घाईचे ठरवले गेले, तर तिसऱ्या फेरीतले रसेल विल्सन क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूच्या, मानाने बुटके म्हणून हिणवले गेले. दुसऱ्या फेरीत त्यांनी घेतलेले बॉबी वॅगनर पुढे संघाच्या बचावाचा कणा झाले. त्याच वर्षी जर्मेन कर्स ड्राफ्टबाहेरून आले. डग बाल्डविन आदल्या वर्षी तसेच आले होते आणि पहिल्याच हंगामात त्यांनी संघात सर्वाधिक, ५१ झेल घेतले होते. २ फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात, सीहॉक्सनी डेन्व्हर ब्रॉन्कोजना ४३-८ असे हरवले, त्यात विल्सन यांनी टचडाउनचे, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे, दोन पास दिले. एक कर्स यांनी झेलला, दुसरा बाल्डविन यांनी.

म्हणून प्रश्नकर्त्यांना सुचवतो की, ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी लिहाल त्याला ‘मूल्यमापन’ म्हणू नका, ‘अंदाज’ म्हणा. ड्राफ्टबाहेरच्या रंगरुटाचा करार तीन वर्षांचा असतो. शिबिरातल्या ९० जणांमधून हंगामाच्या ५३ जणांत तो टिकला आणि ती तीन वर्षे संपली, की मग ‘मूल्यमापन’ हा शब्द खुशाल वापरा.